‘प्रश्न विचारून काय होतं?’ : भावजींनी पाठवलेल्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यापासून इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. मला तो तीन ठिकाणांहून आला. शेवटी आमच्या भावजींनीही पाठवला, खाली ‘अगदी खरं’ असं लिहून. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं : विधानसभेतला प्रश्नोत्तरांचा तास म्हणजे वेळेची आणि पैशांची नासाडी, त्यातून कधी काही निघत नाही. लाडली बहनाची, म्हणजे मध्य प्रदेश सरकार बायकांच्या खात्यात दरमहा पैसे टाकतं त्या योजनेची, खिरापत बंद करा, तोच पैसा पोलिसांना द्या, गुन्हे थांबतील. योजनेवर प्रश्न विचारणारा आमदार बहिणींचा वैरी. पोलिसांच्या संख्येवर विचारणारा पोलिसांचं मनोधैर्य खच्ची करणारा. आणि इंदूर जिल्ह्यातले नऊच्या नऊ आमदार सत्ताधारी पक्षाचे असताना इथे विचारणार तरी कोण?

भावजी, तुम्ही वडीलधारे आहात, राग मानू नका. पण हा मजकूर मला पटला नाही, आणि गप्प बसवत नाही म्हणून लिहिते आहे.

‘प्रश्नाने काही होत नाही’ हे आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. भोपाळला विधानसभेची बैठक सकाळी अकराला सुरू होते आणि पहिला तास प्रश्नांचा असतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं, त्यावर सदस्य पुरवणी प्रश्न विचारतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. रोजच्या सूचीत पंचवीस तारांकित प्रश्न लागतात आणि तासाभरात त्यातले थोडेच पुकारले जातात, हे खरं आहे. उत्तर खात्यातला अधिकारी तयार करतो, हेही खरं. पण पुकारले न गेलेल्या प्रश्नांचीही उत्तरं छापली जातात आणि ती कुणालाही वाचता येतात. शिवाय अधिकाऱ्याने लिहिलेलं उत्तर एकदा सभागृहात गेलं की ते मंत्र्याचं होतं. जाणूनबुजून खोटं सांगितलं तर विशेषाधिकारभंगाचा, म्हणजे सभागृहाच्या हक्कांचा भंग केल्याचा, प्रश्न उभा राहतो. भाषणात दिलेल्या आकड्याला असा कुठलाच जामीन नसतो.

मी या प्रश्नोत्तर-सूच्या वाचते. त्यांची एक ठरलेली भाषा आहे : ‘जी हाँ’, ‘परिशिष्ट अनुसार’, ‘शेष प्रश्न उपस्थित नहीं होता’. आणि सगळ्यात जास्त त्रास देणारं वाक्य, ‘जानकारी एकत्रित की जा रही है’. हे वाक्य वाचलं की माझाही संताप होतो. वर्षानुवर्षं काही प्रश्नांची माहिती गोळाच होत राहते. तक्रार करायची तर इथे करा, आणि मी तुमच्या बरोबर उभी राहीन. अधिवेशनं आखूड होत चालली आहेत, यावरही करा. संविधानाच्या अनुच्छेद 174 प्रमाणे दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये. पण किती दिवस बसायचं ते तिथे लिहिलेलं नाही, आणि सरकारं या मोकळीकीचा फायदा घेतात. उत्तर मिळत नाही म्हणून विचारणंच बंद करा, असं म्हटलं तर उत्तर टाळणाऱ्यालाच सोपं जाईल.

प्रश्नातून काय निघतं, याचं ताजं उदाहरण आपल्या पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांना माहीत आहे. महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना 2024 च्या जुलैत सुरू झाली. वर्षभराने, जुलै 2025 मध्ये, महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांच्या लेखी उत्तरातून बाहेर आलं की 2,289 सरकारी कर्मचारी महिलांनीही हे पैसे घेतले होते. ही संख्या कुठल्या जाहिरातीत येणार नव्हती. कुणीतरी विचारलं, म्हणून ती नोंदीवर आली.

आता पैसे इकडून तिकडे नेण्याचं. 12 मार्च 2025 ला अर्थमंत्री जगदीश देवडांनी मध्य प्रदेशचा 2025-26 चा अर्थसंकल्प मांडला तो 4,21,032 कोटींचा. त्यात लाडली बहनासाठी 18,669 कोटी. म्हणजे रुपयातले जवळजवळ साडेचार पैसे. ही लहान रक्कम नाही, आणि कर्ज काढून चालणाऱ्या राज्यात तिच्यावर वाद जरूर व्हावा. पण मजकूर लिहिणाऱ्याला वाटतं की पोलिसांच्या जागा पैशांअभावी रिकाम्या आहेत. देशभराचे आकडे बघा : 1 जानेवारी 2020 ला लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस सुमारे 195, प्रत्यक्ष कामावर सुमारे 156. पाचातली एक जागा रिकामी, आणि त्या जागा मंजूर झालेल्या आहेत. अडतं ते भरतीत. आपल्याकडे 2025 मध्ये 7,500 शिपायांची भरती निघाली. लेखी परीक्षा, मग मैदानी चाचणी, कागदपत्रं, मग महिनोन्‌महिने प्रशिक्षण, आणि तेवढ्या काळात जुने निवृत्त होतच राहतात. उद्या सकाळी बहिणींचा हप्ता बंद केला तरी परवा राजवाड्यावर एकही शिपाई वाढणार नाही.

आणखी एक. नोव्हेंबर 2025 पासून हप्ता 1250 वरून 1500 झाला. सव्वा कोटी बायका धरल्या तर महिन्याला 300 कोटींहून जास्त वाढ, मार्चपर्यंतच्या पाच हप्त्यांचे दीड हजार कोटींच्या वर. हा पैसा सरकारला मनाला येईल तसा काढता येत नाही. सभागृहापुढे अनुपूरक, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाची, मागणी ठेवावी लागते. म्हणजे मजकूर ज्याला नासाडी म्हणतो, त्याच सभागृहाच्या मंजुरीवर बहिणींचा हप्ताही चालतो आणि शिपायाचा पगारही.

‘योजनेवर विचारणारा बहिणींचा वैरी’ या वाक्याने मला खरं दुखावलं. एकाच मजकुरात योजनेला खिरापत म्हटलं आहे आणि तिच्याबद्दल विचारणाऱ्याला वैरीही म्हटलं आहे. बहिणींचा विचार यातल्या कुठल्याच वाक्यात नाही.

आमच्याकडे बारा वर्षं पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचं सांगते. 10 जून 2023 ला योजनेचा पहिला हजार रुपयांचा हप्ता आला तेव्हा त्यांच्या खात्यात पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या नावाने पैसे पडले. नवऱ्याला न विचारता त्यांनी चष्मा केला. मी योजनेच्या बाजूची आहे ती त्या चष्म्यामुळे. मग त्यांना साठ पूर्ण झाली आणि हप्ता थांबला. योजना 21 ते 60 वयाच्या विवाहित, विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता महिलांसाठी आहे. साठीनंतर पदरात काय? पात्र ठरल्या तर सामाजिक सुरक्षा पेन्शन, महिना 600 रुपये. त्यात केंद्राचा वाटा 200. म्हणजे हात चालत होते तोवर सरकार 1250 देत होतं, आणि गुडघे गेले तेव्हा 600. बाईचं वय वाढलं म्हणून तिची गरज कमी होते, हा कुठला हिशेब?

त्यांच्या सुनेची दुसरी गत. तिचं लग्न योजनेची नोंदणी बंद झाल्यावर झालं. 2023 नंतर नवी नावं घेतलेलीच नाहीत. उत्पन्न तेच, वस्ती तीच, शेजारच्या घरातल्या सुनेला पैसे मिळतात आणि हिला नाही, कारण तिचं लग्न वर्षभर आधी झालं होतं. नोंदणी पुन्हा कधी उघडणार, हा प्रश्न विधानसभेत विचारला गेला आहे, आणि सध्या तसा प्रस्ताव नाही असं उत्तरही आलं आहे. कटू असलं तरी ते उत्तर आहे. निदान लोकसेवा केंद्राच्या खिडकीवर ‘अगले महीने आना’ ऐकत फिरायला नको. साठीच्या बाईचे पैसे निम्म्याहून खाली का येतात, नव्या सुनेचा दोष काय, 2023 च्या निवडणुकीआधी हप्ता टप्प्याटप्प्याने 3000 पर्यंत नेऊ असं सांगितलं होतं ते कोणत्या वर्षी, अर्थसंकल्पातल्या कोणत्या शीर्षाखालून, हे विचारणारा आमदार माझ्या मावशींचा वैरी कसा? त्यांच्या बाजूने बोलणारा दुसरा आहे कोण?

पोलिसांचा मुद्दाही मला मावशींमुळेच समजला. हप्ता थांबला त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांना फोन आला, ‘आपकी किस्त चालू करवा देंगे, ओटीपी बताइए.’ त्यांनी सांगितला. साठवलेले चार हजार गेले. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवलं, मग मी त्यांना घेऊन ठाण्यात गेले. दिवस नेमका अनंत चतुर्दशीचा. संध्याकाळपासून गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघायच्या होत्या, सगळं शहर रस्त्यावर येणार होतं, आणि ठाण्यातली जवळजवळ सगळी माणसं बंदोबस्ताला गेलेली. आत एक मुंशी, म्हणजे ठाण्याचं लिखापढीचं काम बघणारा पोलीस, समोर आठ-दहा लोक. तो सकाळपासून तिथेच होता. ‘ताई, कल आ जाइए,’ म्हणाला, आणि त्याचा चेहरा बघून मला वाद घालवेना.

त्या मुंशीचं मनोधैर्य कशाने खचतं? कुणी भोपाळात ‘या ठाण्याला मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती’ असं विचारल्याने? मला तर वाटतं, ते विचारलं जात नाही म्हणून तो एकटा बसला होता. रंगपंचमीची गेर (मिरवणूक), झांक्या, मंत्र्यांचे दौरे, क्रिकेटचे सामने, सगळ्यांना माणूस ठाण्यातूनच जातो. त्या रात्री ठाण्यात किती उरतात, हे मंत्र्याने आकड्यात सांगितलं पाहिजे. पोलिसांना आठवड्याची सुट्टी देण्याची सुरुवात 2019 च्या जानेवारीत कमलनाथ सरकारने केली होती आणि ती पुढे बारगळली. 2023 मध्ये शिवराजसिंह चौहानांना तीच घोषणा पुन्हा करावी लागली. दोन पक्षांच्या दोन मुख्यमंत्र्यांनी कबूल केलेली सुट्टी शिपायाला खरोखर मिळते का, हे शिपाई स्वतः विचारू शकत नाही. शिस्तीचा बडगा असतो. त्याच्या वतीने फक्त आमदार विचारू शकतो.

संख्या सांगितली की गुन्हेगारांना माहिती मिळते, असंही मजकुरात सुचवलंय. पण राज्यवार पोलीसबळाचे आकडे केंद्रीय गृह मंत्रालयाची संस्था दरवर्षी छापते, मग त्यात गुपित काय? आणि चालू तपासाचा तपशील किंवा न्यायालयात असलेलं प्रकरण यावरचे प्रश्न नियमांप्रमाणेच अडवता येतात.

इंदूरकरांनी तर जास्तच विचारायला हवं. 9 डिसेंबर 2021 पासून इथे आणि भोपाळला पोलीस आयुक्त प्रणाली आली, म्हणजे शहराचे पोलीस आयुक्तांच्या हाताखाली गेले. इंदूरची 36 ठाणी आयुक्तांखाली गेली आणि जिल्हाबदरीसारखे (तडीपारीचे), प्रतिबंधक कारवाईचे जे अधिकार आधी जिल्हा प्रशासनाच्या दंडाधिकाऱ्यांकडे होते ते पोलिसांकडे आले. अधिकार वाढले ते योग्य की अयोग्य, यावर मतं असतील. पण पोलीस हा विषय संविधानात राज्यसूचीत आहे, त्यामुळे त्या अधिकारांचं काय केलं हे दिल्लीत विचारून उपयोग नाही. ते भोपाळलाच विचारावं लागतं. गृह खातं मुख्यमंत्री मोहन यादव यांच्याकडे आहे आणि इंदूरचे प्रभारी मंत्री, म्हणजे पालकमंत्रीही तेच आहेत. उत्तर कुणी द्यायचं याबद्दल इतकी स्पष्टता क्वचित असते.

राहिला शेवटचा मुद्दा, नऊ आमदारांचा. 2023 मध्ये जिल्ह्यातल्या नऊही जागा भाजपने जिंकल्या. त्यातले कैलाश विजयवर्गीय आणि तुलसी सिलावट मंत्री आहेत, मंत्री प्रश्न विचारत नाहीत. उरले सात. सत्ताधारी पक्षाच्या सदस्याने प्रश्न विचारू नये असा नियम कुठेच नाही. 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत पैसे घातले, ते प्रकरण लोकसभेत लावून धरणारे फिरोज गांधी काँग्रेसचे होते, सरकार काँग्रेसचं होतं आणि पंतप्रधान त्यांचे सासरे. त्यातून चौकशी आयोग बसला आणि 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावं लागलं. आणि आपण तर ताईंच्या गावचे. सुमित्रा महाजन 1989 पासून तीस वर्षं इथून निवडून गेल्या आणि त्यातली शेवटची पाच लोकसभेच्या अध्यक्ष म्हणून प्रश्नांच्या तासाला त्या आसनावर बसल्या. इंदूरच्या मराठी माणसाने त्या तासाला नासाडी म्हणावं, हे मला फार लागलं.

भावजी, मी आमच्या आमदारांच्या कार्यालयात एक कागद देणार आहे. सूचीत छापतात त्याच नमुन्यात लिहिलाय :

क्या मुख्यमंत्री महोदय यह बताने की कृपा करेंगे कि (क) इंदौर के प्रत्येक थाने में स्वीकृत एवं भरे पद कितने हैं? (ख) गत अनंत चतुर्दशी की रात प्रत्येक थाने में कितना बल शेष था? (ग) लाड़ली बहना योजना के नाम पर हुई ठगी की कितनी शिकायतें इंदौर में दर्ज हुईं और कितनी राशि वापस मिली?

साठीनंतरच्या पैशांचा प्रश्न महिला व बालविकास मंत्री निर्मला भूरिया यांच्यासाठी वेगळ्या कागदावर आहे. त्यावर मावशींनी सही केली आहे, चष्मा लावून, सावकाश. तुमचीही हवी आहे. रविवारी येते.