औंधच्या संग्रहालयात दोघांनी का जावे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. उन्हाळ्याच्या सुटीत एकमेकांना भेटू पाहणाऱ्या, लग्न ठरलेल्या किंवा अजून ठरवत असलेल्या दोघांनी साताऱ्याहून औंधला जाऊन श्रीभवानी संग्रहालय पाहावे, असे मी त्यात सुचवले होते. आपले आक्षेप तीन आहेत. मे महिन्यात खटाव तालुक्यात औंधला फिरायला जाणे हा वेडेपणा आहे, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लोकशिक्षणासाठी उभारलेली वास्तू म्हणजे ‘डेट’ची जागा नव्हे, आणि चित्रकलेतले ओ की ठो न कळणारी मुले तिथे अर्ध्या तासात कंटाळतील.

उन्हाबद्दल वाद नाही. परंतु रहिमतपूरमार्गे अंतर सुमारे ४०-४५ किलोमीटर आहे. सकाळी लवकर निघाले तर ऊन तापण्याआधी माणूस छपराखाली पोहोचतो. साताऱ्यातल्या ‘चार भिंती’च्या टेकडीवर दुपारी कोणती सावली मिळते? कासला मे महिन्यात फुले नसतात आणि महाबळेश्वरला गाडी लावायला जागा मिळेपर्यंतच सकाळ सरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यामागे बाळासाहेब पंतप्रतिनिधींविषयीचा आदर आहे. तो मलाही आहे. परंतु १९३८ साली यमाई देवीच्या डोंगराच्या उतारावर हे संग्रहालय उभारणारा राजा स्वतः हातात कुंचला घेणारा होता, कीर्तन करणारा होता, सूर्यनमस्काराचा प्रसार करणारा होता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी चित्रे काढली आणि अजिंठ्यावर १९३२ साली पुस्तक लिहिले. आपला संग्रह वाड्याच्या दिवाणखान्यात न ठेवता त्यांनी लोकांसाठी खुला केला, तो केवळ शाळांच्या सहलींसाठी केला असेल असे मला वाटत नाही. सहलीत काय होते, हे आपण पाहिलेच असेल: मुले रांगेने आत जातात, रांगेनेच बाहेर येतात आणि गुरुजींचे सगळे लक्ष डोकी मोजण्याकडे असते. त्यापेक्षा एका चित्रासमोर दोघे जण दहा मिनिटे हळू आवाजात बोलत उभे राहिले, तर त्या वास्तूची अप्रतिष्ठा कशी होते? मर्यादा सोडून वागणारे कुठेही तसेच वागतात. देवळाच्या आवारातही वागतात, म्हणून आपण देवळे बंद करीत नाही.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र मी मुळातच असहमत आहे. हे संग्रहालय पाहण्यासाठी चित्रकला कळावी लागत नाही, आणि आपल्याकडच्या माणसाची पाटी तितकी कोरीही नसते. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी कित्येकांच्या आजोळी भिंतीवर होत्या. औंधला त्याच रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आहेत. छापील तसबिरीत लुगड्याचा काठ म्हणजे एक सपाट पिवळी पट्टी असते. तैलचित्राजवळ गेल्यावर तोच काठ रंगाच्या लहानलहान फटकाऱ्यांत विरून जातो, आणि चार पावले मागे सरकताच ते फटकारे पुन्हा एकत्र येऊन काठाची जरी चमकू लागते. हे पाहण्यासाठी कलामहाविद्यालयात शिकावे लागत नाही, पुढे-मागे सरकण्याइतका निवांतपणा लागतो. चित्रकार धुरंधर आणि बाबूराव पेंटर यांचे कामही तिथेच पाहता येते.

याच संग्रहात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि बालक’ हे दगडी शिल्प आहे. रविवर्म्याची रेखीव नाकीडोळी पाहून आलेल्याला मूरची ढोबळ गोलाई प्रथम खटकतेच. अशा वेळी एक जण ‘हे काय आहे?’ म्हणून पुढे सरकतो, तर दुसरी त्या शिल्पाभोवती फेरी मारून ते मागून कसे दिसते हे पाहून येते. समोरचे माणूस न आवडलेल्या, न समजलेल्या गोष्टीपाशी किती वेळ थांबते, आपले मत वेगळे निघाले तर ते हसण्यावारी नेते की कारण विचारते, हे तिथे आपोआप कळते. आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या बशा मध्ये ठेवून पगार, बदली आणि स्वयंपाक यांविषयी जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरे दोन्हीकडच्या मंडळींनी आधीच बसवून घेतलेली असतात. चित्रासमोर काय बोलायचे, हे मात्र कोणी शिकवून पाठवत नाही. संग्रहालय लहान आहे, हाही माझ्या दृष्टीने गुणच आहे. मोठ्या शहरातल्या संग्रहालयात तिसऱ्या दालनापासून पाय बोलू लागतात आणि माणसे चित्रांऐवजी बाक शोधतात. औंधला दोन-तीन तासांत नीट पाहून होते आणि बोलण्यासाठी दिवस उरतो.

लेख मागे घ्यावा ही आपली सूचना त्यामुळे मला मान्य करता येत नाही. उघडण्याच्या वेळा आणि सुटीचा वार निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावा, पाण्याची बाटली व डबा सोबत न्यावा, आणि डोंगरावरच्या मूळपीठाच्या यमाईचे दर्शन ऊन उतरल्यावरच घ्यावे, एवढी भर आपल्या पहिल्या आक्षेपामुळे मी लेखात घातली आहे.