लाठी पुरेशी असती, तर ओंबळे घरी परतले असते

परवा रात्री भाच्याचा फोन आला. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावणारा मुलगा आहे तो. म्हणाला, "आत्या, तो मेसेज खरा आहे का गं? खरा असेल तर मी भरती कशाला होतोय?" हा मेसेज मला आधी तीन जणांनी पाठवला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचताच पुढे गेले होते. या वेळी त्याचा पडलेला आवाज ऐकून वाचला. इतका संताप आला की त्याला फोनवर धड उत्तरही देता आलं नाही. म्हणून हे सविस्तर.

मेसेजमध्ये दहशतवादाबद्दलची 'पाच सत्यं' आहेत. पहिलं, गरिबीचा दहशतवादाशी काडीचा संबंध नाही, लादेन तर गडगंज श्रीमंत होता. दुसरं, पोलिसांच्या शस्त्रांवर आणि साधनांवर पैसा घालवणं व्यर्थ आहे, धैर्य असेल तर लाठी पुरते, तुकाराम ओंबळेंनी ते सिद्ध केलं. तिसरं, दहशतवाद लष्करानं निपटावा, पोलिसांनी वाहतूक सांभाळावी. चौथं, दहशतवादी गरीब वस्त्यांतूनच येतात, तिथली तरुण पोरं सरसकट उचलली की प्रश्न संपेल. पाचवं, श्रीमंत देशांत हल्ले होत नाहीत, कारण तिथे कायदा कडक आहे.

पाचवं आधी निकालात काढते. न्यूयॉर्क २००१, माद्रिद २००४, लंडन २००५, पॅरिस २०१५. ज्याला ही चार नावं आठवली नाहीत, त्यानं दहशतवादावर लोकांना शहाणपण शिकवू नये.

दुसरा मुद्दा मात्र मी असा दोन ओळींत सोडणार नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीला नाकाबंदी होती. कसाब आणि त्याचा साथीदार पळवलेल्या गाडीतून तिथे पोचले. सहायक फौजदार ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि पकड सोडली नाही. तेवढ्यात सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत धरलं. कट कुठे शिजला, कोणी शिजवला, हे जगासमोर मांडता आलं ते त्या पकडीमुळे. ओंबळेंना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आणि आता कोणीतरी त्याच मरणाचा दाखला देऊन म्हणतो की बघा, लाठीवर भागलं!

भागलं नाही. माणूस गेला. हातात दुसरं काहीच नव्हतं म्हणून त्यानं स्वतःचं शरीर मध्ये घातलं. त्याच्या शौर्यापुढे मान झुकते, पण त्या शौर्याची वेळ त्याच्यावर कोणी आणली, हा प्रश्न विचारायचाच नाही का?

त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काय झालं तेही आठवा. दोघा हल्लेखोरांनी ५० हून अधिक माणसं मारली. समोर पोलीस होते, पळालेलेही नव्हते सगळे. पण कोणाकडे लाठी, कोणाकडे रिव्हॉल्वर, कोणाकडे पॉइंट थ्री नॉट थ्री रायफल. पहिल्या महायुद्धात वापरली गेली ती ही बनावट. दर गोळीमागे बोल्ट ओढायचा, आणि समोरचा तेवढ्या वेळात अर्धं मॅगझिन रिकामं करतो. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानानं अखेर खुर्ची उचलून फेकली. धैर्य कमी होतं असं त्याच्या तोंडावर कोणी म्हणून दाखवावं. राज्य सरकारनेच नेमलेल्या राम प्रधान समितीनं नंतर नोंदवलं की गोळ्यांच्या टंचाईमुळे पोलिसांचा गोळीबाराचा सरावच होत नव्हता. म्हणजे बंदूक असली तरी ती चालवायचा हात तयार नाही. तीन दिवसांत दहा जणांनी १६६ जीव घेतले.

धैर्यावर भागतं म्हणणाऱ्यांना आणखी एक जागा दाखवते. इनाटा, बुर्किना फासो. पश्चिम आफ्रिकेतल्या या गरीब देशाच्या उत्तरेला, सोन्याच्या खाणीजवळ, जांदार्मरीची चौकी होती. जांदार्म म्हणजे लष्करी शिस्तीतले पोलीसच. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या चौकीवरून वरिष्ठांना निरोप गेला होता की दोन आठवडे रसद आलेली नाही, आसपासची जनावरं मारून खाऊन आम्ही दिवस काढतोय. १४ नोव्हेंबरला हल्ला झाला. ४९ जांदार्म मारले गेले. उपाशी माणसं होती ती, गणवेशातली. अडीच महिन्यांच्या आत तिथलं सरकार लष्करानं उलथवलं, आणि २०२४ च्या जागतिक दहशतवाद निर्देशांकात बुर्किना फासोचं नाव सगळ्यात वर होतं.

गरिबी आणि दहशतवाद यांचा खरा सांधा मला इथे दिसतो. तिजोरी रिकामी असली की पहिला फटका बसतो तो पोलीस ठाण्याला. गाडी असते, डिझेल नसतं. एक शिपाई आणि त्याच्या हद्दीत कित्येक गावं. खबऱ्याला द्यायला पैसे नसतात, म्हणून खबर येत नाही. न्यायवैद्यक प्रयोगशाळा शेकडो मैल लांब किंवा नाहीच, म्हणून पुरावा गोळा करण्याऐवजी मारून कबुली घेतली जाते. आणि पगार थकले की सीमेवरचा माणूस डोळे मिटायला शिकतो. (सगळी लाच गरिबीपोटी घेतली जात नाही, हे मलाही कळतं. १९९३ च्या मुंबई स्फोटांआधी शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं, त्या प्रकरणात कस्टम्स आणि पोलिसांतले लोक दोषी ठरले, ते काही उपाशी नव्हते. पण पगार वेळेवर, हिशेब चोख आणि वर देखरेख असेल तिथे असा माणूस विकत घेणं अवघड जातं.) हल्ला करणाऱ्याला फार पैसा लागतच नाही. ९/११ च्या अमेरिकी चौकशी आयोगानं त्या हल्ल्याचा खर्च ४ ते ५ लाख डॉलर काढला होता, आणि तो जगातला सर्वांत मोठा हल्ला. रोखणाऱ्याला मात्र रोज, दर ठाण्यात, वर्षानुवर्षं खर्च करावा लागतो. श्रीमंत देश तो करू शकतात. गरीब देश पुढच्या महिन्यावर ढकलतात.

तिसरा मुद्दा, लष्कराचा. ताज, ओबेरॉय, नरिमन हाउस इथे राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो लागलेच, ते काम ठाण्यातल्या शिपायाचं नव्हतं. हे मान्य. पण ते दिल्लीजवळच्या मानेसरहून निघून कामाला लागेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. केनियात गारिसाच्या विद्यापीठावर २ एप्रिल २०१५ ला पहाटे हल्ला झाला, विशेष पथक नैरोबीहून दुपारी पोचलं. १४८ मृत. पहिले काही तास नेहमी जवळच्या ठाण्याचेच असतात. आणि दीर्घ पल्ल्याचं विचाराल तर अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेनं २००८ मध्ये १९६८ ते २००६ या काळातल्या ६४८ दहशतवादी गटांचा अभ्यास छापला होता. त्यातले जे गट संपले, त्यांतले ४३ टक्के राजकीय प्रक्रियेत आले म्हणून संपले, ४० टक्के पोलीस आणि गुप्तवार्ता यंत्रणेनं संपवले. लष्करी बळानं संपलेले ७ टक्के. यावर मला जास्त लिहायची गरज वाटत नाही.

आता पहिला मुद्दा. यात अर्धं सत्य आहे आणि ते मला नाइलाजानं कबूल करावं लागतंय. लादेन बांधकामसम्राटाचा मुलगा, त्याचा साथीदार जवाहिरी शल्यचिकित्सक, ९/११ च्या हल्लेखोरांचा म्होरक्या मोहम्मद अट्टा जर्मनीत नगररचना शिकलेला. २१ एप्रिल २०१९ ला श्रीलंकेत ईस्टरच्या दिवशी ज्यांनी स्फोट घडवले, त्यांत मसाल्याच्या एका बड्या व्यापाऱ्याचे दोन मुलगे होते. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅलन क्रूगर यांनी तर २००३ मध्येच आकडेवारीनिशी दाखवलं होतं की गरिबी आणि दहशतवादी होणं यांत सरळ कार्यकारणसंबंध सापडत नाही. मलावी, झांबिया हे गरीब देश आहेत, तिथे असे हल्ले होताना दिसत नाहीत. श्रीलंकेत तर भारताकडून आगाऊ इशारा मिळूनही यंत्रणा हलली नाही, तेव्हा नुसती साधनं देऊन सगळं सुटतं असंही मी म्हणणार नाही. पण या सगळ्यातून 'काडीचा संबंध नाही' हे कुठून निघालं? कट रचणारा श्रीमंत असू शकतो. तो हल्ला कुठे करायचा हे ठरवताना समोरच्या देशाची चौकी किती पोकळ आहे, हे बघतो. आणि खालची फौज कुठून भरतो तेही बघा. कसाब गरीब घरातला, चौथीच्या पुढे न शिकलेला होता.

आणि चौथा मुद्दा. पहिल्यात म्हणायचं गरिबीचा संबंध नाही आणि चौथ्यात म्हणायचं गरिबांची पोरं उचला. लिहिणाऱ्याला स्वतःचाच मेसेज वाचायचा धीर नव्हता. पण हा नुसता विसंगतीचा मामला असता तर मी एवढी चिडले नसते. हा सल्ला माणसं मारणारा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा २०२३ चा आफ्रिकेवरचा अहवाल यासाठी वाचायला हवा. आठ देशांतल्या जवळपास २,२०० जणांशी बोलून तो तयार केला आहे आणि त्यांतले हजाराहून अधिक स्वतः अतिरेकी गटांत राहून आलेले. तुम्ही का गेलात, असं थेट त्यांनाच विचारलं. स्वतःहून गेलेल्यांपैकी २५ टक्के म्हणाले, हाताला काम नव्हतं. धर्मासाठी गेलो म्हणणारे १७ टक्के. पण माझ्या मनात घर करून बसलाय तो पुढचा आकडा. जवळपास निम्म्यांनी एक ठरावीक घटना सांगितली, जिच्यानंतर ते गेले, आणि अशांपैकी ७१ टक्क्यांच्या बाबतीत ती घटना मानवी हक्कांच्या पायमल्लीची होती. बहुतेकदा सरकारी सुरक्षा दलांनीच केलेली. भाऊ उचलून नेला, बापाला डोळ्यांदेखत मारलं. म्हणजे मेसेजमध्ये जो उपाय म्हणून सांगितलाय, तोच या मुलांनी निघून जाण्याचं कारण म्हणून सांगितलाय.

नायजेरियानं हे करून पाहिलंय. बोको हराम या तिथल्या दहशतवादी संघटनेचा संस्थापक मोहम्मद युसूफ जुलै २००९ मध्ये लष्कराच्या हाती जिवंत सापडला. मैदुगुरी शहरात त्याला पोलिसांच्या ताब्यात दिलं आणि तिथे कोठडीतच तो मारला गेला. खटला नाही, चौकशी नाही, त्याच्यामागे कोण होतं याचा धागा नाही. कसाबला जिवंत ठेवून जे मिळालं, ते सगळं तिथे एका दिवसात गमावलं. पुढच्याच वर्षी ती संघटना युसूफचा साथीदार शेकाऊ याच्या हाताखाली तुरुंग फोडत परतली, आणि एप्रिल २०१४ मध्ये चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवल्या गेल्या.

आणि ज्या गरीब वस्त्या झोडपायला सांगताय, त्यांच्याबद्दल एवढंच आठवून द्यायचंय. २६/११ चे दहाही जण रबरी बोटीतून मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना आधी पाहिलं आणि हटकलं ते किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्तीतल्या लोकांनी. ती माणसं पोलिसाला बघून दार लावून घेणारी झाली, तर पुढच्या वेळी कोण हटकणार आहे?

काल भाच्याला परत फोन केला. यातलं बरंचसं सांगितलं. इनाटाच्या चौकीपाशी त्यानं मला थांबवलं. "जेवण का नाही गं पोचलं त्यांना? निरोप तर गेला होता ना?" मी म्हटलं, गेला होता. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, पहाटे उठायचंय, ठेवतो.