एचआयव्हीवाल्या संस्थेला गुण कसे द्यावेत

तुमची कंपनी नफ्यातले 2 टक्के समाजकार्यासाठी काढते आणि यंदा मूल्यमापन समितीवर तुमची वर्णी लागली आहे. अभिनंदन! एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची पारख करायची म्हणून गांगरू नका. मागच्याच आठवड्यात अशी एक समिती आमच्या संस्थेत येऊन गेली. मी तिथे हिशेब बघते, वेळ पडली तर चहाही करते. त्यामुळे ही कला अगदी जवळून पाहायला मिळाली.

पहिलं म्हणजे, दहाला येतो असं कळवून दीडला पोचा.

चहा घेऊ नका. ‘आत्ताच झाला’ म्हणा आणि बॅगेतून स्वतःची पाण्याची बाटली काढा. कपबशीतून एचआयव्ही पसरत नाही असं छापलेलं पत्रक 1 डिसेंबरला तुमच्याच लोकांनी वाटलं होतं, पण ते जनतेसाठी होतं.

पगाराचा आकडा दिसला की भुवया चढवा. ‘समुपदेशकांना पगार देता? आम्हाला वाटलं सेवाभावी असतील.’ तुमच्या गाडीचं डिझेल म्हणजे क्षेत्रभेट, आमच्या ताईंचं एसटीचं तिकीट म्हणजे प्रशासकीय खर्च. हा फरक नीट समजून घ्या, पुढे सगळीकडे उपयोगी पडेल.

आता हुकमी प्रश्न. खुर्चीत जरा मागे रेलून विचारा, ‘औषधं तर सरकार फुकट देतं, मग तुम्ही नेमकं करता काय?’

देतं ना. 2004 पासून देतं. 2017 पासून तर सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, किती आहेत याचीही वाट बघत नाहीत, निदान झालं की औषध सुरू. पण गोळी मिळते एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रावर, आणि वाडीवरच्या माणसाला तिथे जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. साध्या एसटीत एचआयव्हीबाधितांना मोफत प्रवास आहे. दाखला दाखवायचा कुणाला? कंडक्टरला. कंडक्टर कुठला? शेजारच्याच गावचा, नात्यातला निघायचा. मग माणूस गपगुमान पूर्ण तिकीट काढतो. काहीजण तर मुद्दाम दुसऱ्या जिल्ह्यातल्या सेंटरला नाव घालतात, रांगेत ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. घरी आल्यावर बाटलीचं लेबल नखाने खरवडायचं, गोळ्या वाजू नयेत म्हणून आत कापूस कोंबायचा. आमच्याकडच्या एका सुनेची बाटली तांदळाच्या डब्यात असायची. सासूबाई स्वयंपाकघरात ठाण मांडून बसल्या की त्या दिवशी गोळी चुकली. अशा चुकत गेल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. आमच्या ताई बचत गटाचं निमित्त काढून त्या घरात जातात आणि गोळी का चुकते ते शोधतात, शेजारणीला पत्ता न लागू देता. नवरा गेल्यावर दीर सातबाऱ्यावर नाव लावू देत नाही, संजय गांधी निराधारचा अर्ज धूळ खात पडतो, तिथेही त्याच जातात. हे आम्ही करतो, साहेब! तुमच्या तक्त्यात याला रकाना नाही. ‘वाटप केलेल्या किटची संख्या’ असा एक आहे, त्यात आम्ही शून्य लिहिलं.

ऑडिटची फाइल उघडू नका. धर्मादाय आयुक्तांकडे भरलेले हिशेब, देणगीवरच्या करसवलतीचं ऐंशी-जीचं प्रमाणपत्र, सगळं क्रमाने लावलेलं असतं. वजनावरूनच अंदाज घ्या.

आणि शेवटी ‘लाभार्थी’ मागा. नुसत्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? एखादी खरीखुरी बाई समोर हवी. आमच्याकडे त्या दिवशी एकजण बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स द्यायला आली होती, आयतीच सापडली. तिला विचारा, ‘तुम्हाला हे कुणाकडून झालं?’ नवऱ्याकडून म्हणाली तर माना डोलवा, गप्प बसली तर एकमेकांकडे बघा. मग बॅनरजवळ उभी करा. ‘चेहरा धूसर करू हो, काळजी नको.’

चेहरा धूसर करून काय होणार? तिची साडी ओळखतात, हातातली पिशवी ओळखतात, उभं राहण्याची ढब ओळखतात. गाव आहे ते. तुम्हाला लाज कशी वाटत नाही? 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. स्वतःच्या एचआयव्हीबद्दल सांगायची बळजबरी कुणावर करता येत नाही, आणि तिच्या लेखी संमतीशिवाय आम्हालाही ते कुणाला सांगता येत नाही. चेक घेऊन आलेल्या माणसासमोर बाई मान हलवते, तिला तुम्ही संमती म्हणता?

विचारायचंच होतं तर हे विचारा. औषध सोडलेले किती जण परत आणलेत? व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणूंचा आकडा, तपासणीत सापडणार नाही इतका खाली किती जणांचा आहे? तेवढा खाली राहिला तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? नोंदींच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते? संस्थेच्या कार्यकारिणीत स्वतः एचआयव्हीसह जगणारं कुणी आहे का? यातला एकही प्रश्न तुम्ही विचारला नाहीत.

ती बाई त्यानंतर आलेली नाही. गोळ्या न्यायची तारीख उलटली. ताई दोनदा जाऊन आल्या, दाराला कुलूप.

आणि काल तुमची मेल आली. अहवालाच्या मुखपृष्ठासाठी तोच फोटो मोठ्या आकारात हवाय म्हणे. मिळणार नाही. पैसे नाही दिलेत तरी चालेल असं म्हणायची आमची ऐपत नाही, दोन पगार थकलेत. पण फोटो मिळणार नाही, आणि तुमच्या मोबाइलमध्ये जे आहेत ते आजच्या आज पुसून टाका.