ठेवू का इकू?

आमच्या भागात माणसाचं नाव नंतर विचारतात, आधी त्याच्या वस्तूचा भाव विचारतात. नवी चप्पल घालून पारावर जाऊन पाहा. ‘कितीले पडली?’ हा पहिला प्रश्न आणि ‘मले तं याच्याहून कमीत भेटली असती’ हा त्यावरचा निकाल. एवढं पचवायची ताकद असली की विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात माणूस सुखानं जगतो. माझी पंचाईत वेगळी आहे. माझ्या दारात जी वस्तू उभी आहे ती पाहून लोक पुढचाच प्रश्न विचारतात: ‘आता इकली तं कितीले जाईन?’ आणि याचं उत्तर हिंगणघाटपासून मुंबईपर्यंत कोणाजवळच नाही.

वस्तू म्हणजे मोटार. लाल, बुटकी, दोन सीटची, वर कापडी छप्पर. नाव सॅन स्टॉर्म. 1998 च्या सुमारास गोव्यात तयार व्हायला लागलेली आपली देशी स्पोर्ट्स कार. बॉडी फायबरची, इंजिन फ्रान्सच्या रेनोचं, 1149 सीसी, ताकद 60 हॉर्सपॉवर. सरपंचाचा ट्रॅक्टर 50 हॉर्सपॉवरचा आहे आणि तो वखरणी करतो, डवरणी करतो, वर लग्नाची वरातही नेतो, हे गावातल्या प्रत्येकाने मला एकदा तरी सुनावून झालंय.

ही मी हौसेनं आणलेली नाही. माझं कृषी केंद्र आहे, आणि उधारीच्या बदल्यात जे मिळेल ते पदरात पाडून घ्यायचं, हा या धंद्याचा धर्म. तूर आली, सोयाबीन आलं, एकदा तर बोकड आला. नागपूरच्या एका जुन्या मित्राकडे बरेच पैसे अडकले होते. त्याने एक दिवस पैशांऐवजी किल्लीच हातात ठेवली. म्हणाला, ‘‘पैसे देईन तर खर्चून टाकशील. ही ठेव. जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे सोनं. बसल्या जागी भाव चढतो.’’ बोकडाच्या वेळी निदान असं कोणी म्हणालं नव्हतं.

तर हे सोनं आमच्या कोठ्यात, बैलांच्या शेजारी, ताडपत्री पांघरून उभं आहे आणि मी भाव चढायची वाट पाहतोय.

भाव चढायची वाट पाहणं हा आमच्या घरात परंपरेनं चालत आलेला उद्योग आहे म्हणा. 2022 च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव होता 6,025. ज्यांनी दिवाळीतच कापूस विकला होता ते कपाळाला हात लावून बसले. आमचे बाबा त्यांत होते. पुढच्या हंगामात मग अख्ख्या जिल्ह्याने कापूस घरात दाबून ठेवला, आणि भाव जो उतरायला लागला तो उतरतच गेला. पण बाबांनी धडा पहिल्या वर्षाचाच घेतला. तेव्हापासून समोरच्या खोलीत दरसाल छताला टेकेल इतका कापूस असतो. मार्च लागला की त्यातले किडे अंगावर उतरतात आणि सगळं घर खाजवत बसतं. कापूस वाळून वजनात घटतो तो वेगळाच. तरी बाबांचं ठरलेलं उत्तर: ‘‘थांब. भाव वाढन.’’

हेच बाबा माझ्या गाडीकडे पाहून म्हणत, ‘‘मूर्खासारखा इकायचं सोडून ठेवून काय बसला बे?’’

मी त्यांना दुर्मीळ गाड्यांचं गणित समजावून पाहिलं. म्हटलं, बाबा, फेरारी 250 जीटीओ नावाच्या गाड्या जगात 36 च बनल्या, 1962 ते 1964 मध्ये. त्यातली एक 2018 साली अमेरिकेत लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलरला गेली. माझ्यासारखी गाडी अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरी दाखवा!

बाबा म्हणाले, ‘‘आपल्या आबाची बैलाची रेंगी तालुक्यात एकच उरली हाय. एक चाक नाही तिचं. पाठव अमेरिकेले.’’

या उत्तरावर मी बराच विचार केला आणि नाइलाजानं मानलं की म्हाताऱ्याच्या बोलण्यात दम आहे. माझदाची एमएक्स-5 ही दोन सीटची गाडी 1989 पासून दहा लाखांहून जास्त बनली, दुर्मीळ तर मुळीच नाही. पण तिची जुनी मॉडेलं लोक जगभर शोधत फिरतात. आपल्याकडचं पाहायचं तर यामाहा आरएक्स 100. ती 1985 ते 1996 बनत होती, त्या काळी तालुक्याला फटफट करत हिंडायची. आमच्याच गावात एका मास्तरांनी ती कडब्याच्या गंजीमागे टाकून दिली होती. परवा यवतमाळचा एक जण आला आणि मास्तरांनी नवी घेताना दिले होते त्याच्या कितीतरी पट नोटा मोजून, वर गाडी स्वतःच पुसून घेऊन गेला. का? तर हा माणूस अकरावीत असताना सायकलवरून कॉलेजला जायचा आणि कोणीतरी आरएक्स 100 वरून त्याच्या अंगावर धूळ उडवत जायचं. तीस वर्षं त्याने ती धूळ लक्षात ठेवली. आता पगार आहे, पोरं मार्गी लागली, मग त्या धुळीचा हिशोब चुकता करायला तो निघाला.

म्हणजे जुन्या गाडीला भाव कोण देतो? सोळाव्या वर्षी जिने जीव जाळला, तिलाच माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी पैसे मोजतो. आणि माझ्या गाडीनं विदर्भात कोणाचाही जीव जाळलेला नाही, कारण इकडे ती कोणी पाहिलीच नव्हती. गावात आली तेव्हा आमच्या शेजारच्या काकींनी विचारलं होतं, ‘‘बाकीची कधी येते?’’

आता यावर माझ्याजवळ उपाय आहे. शाळा सुटली की पोट्टे येतात, ताडपत्री काढतात, सीटवर बसून फोटो काढतात, तोंडानं इंजिनाचा आवाज काढतात. मी कोणाला हाकलत नाही. बायको म्हणाली, ‘‘सीट फाडून टाकतील ते.’’ म्हटलं, फाडू दे. पंचवीस वर्षांनी हेच माझं गिऱ्हाईक आहे. तिने माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर तिनं यापूर्वी फक्त बोकडाच्या वेळी वापरली होती.

शास्त्रशुद्ध किंमत हवी म्हणून विम्याच्या पोराला बोलावलं. त्यांच्याकडे तक्ता असतो. नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की सहा महिन्यांत पाच टक्के गेले, वर्षाला पंधरा, दोन वर्षांना वीस, तीनला तीस, चारला चाळीस, पाचव्या वर्षी निम्मी किंमत साफ. म्हटलं, आणि पंचवीस वर्षांना? तो म्हणाला, ‘‘पाच वर्षांच्या पुढं तक्ता नाही भाऊ. मंग तुमी अन् आमी बसून ठरवायचं.’’ मग बसलो. मी दहा लाख म्हणालो. त्याने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, ‘‘थर्ड पार्टी घेऊन टाका. 3,416 आणि वर जीएसटी. त्यात किंमत काढाच लागत नाही.’’ या पोराला पुढे मोठं भवितव्य आहे.

दुसरं टोक म्हणजे भंगारवाला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. जुनी गाडी असलेल्या घराचा वास त्याला तालुक्याहून येतो. तो आला, वाकला आणि बोटाच्या पेराने बॉनेटवर ‘टक टक’ केलं. त्याचा चेहरा पडला. पुन्हा दरवाजावर टक टक. मग मडगार्डवर. डॉक्टर छाती ठोकतात तसा पूर्ण फेरा मारून तो उभा राहिला. ‘‘हे तं पान्याच्या टाकीचं हाय,’’ तो म्हणाला. ‘‘लोखंड असतं तं किलोनं नेलं असतं.’’ म्हणजे ज्याला भंगाराचा तरी भाव म्हणतात, तो आधारही आमच्या पायाखाली नाही.

फायबरवरून आठवलं. मागच्या पोळ्याला आमच्या बैलानं शिंगाचं वॉर्निश कोरडं आहे का हे गाडीच्या डाव्या मडगार्डवर तपासून पाहिलं. वीतभर चीर पडली. हिंगणघाटच्या मेकॅनिकनं पाहिलं आणि हात वर केले: पत्राच नाही, ठोकू काय आणि वेल्डिंग कुठं मारू? शेवटी अडचणीतून मार्ग काढला कुलरवाल्यानं. विदर्भात मे महिन्यात पारा 46 च्या वर जातो आणि घरटी एक कुलर असतो. त्यातल्या फायबरच्या बॉड्या जोडणारे कारागीर प्रत्येक तालुक्याला आहेत. त्याने आतून काचेच्या धाग्यांची जाळी लावली, रेझिन फासलं, वरून घासून लाल रंग मारला. हात फिरवून पाहिलं तरी चीर कुठं होती ते कळेना. एवढंच सांगितलं, ‘‘पुढचं मोडायचं असन तं फेब्रुवारीच्या आत मोडा. मंग माहा सीझन असते.’’

सरकारी खात्याच्या लेखी मात्र गाडीची किंमत वर्षागणिक वाढते आहे, हे कबूल केलं पाहिजे. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी नवी करा, पर्यावरण कर भरा. 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींची ही नोंदणी फी 5 हजारांवरून 10 हजार केली. पन्नास वर्षं पूर्ण झाली तर वेगळा मान: 2021 च्या नियमाप्रमाणे ती व्हिंटेज होते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. माझी 2050 ला होईल. हे मी बाबांना उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मंग माह्या तेरवीले मांडवात उभी कर.’’

खरं मूल्यमापन केलं ते पटवाल्या काकाजींनी. काकाजींकडे शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी असते. पटाच्या जोडीला ते स्वतः जेवायच्या आधी चारा घालतात, आणि बैलांच्या भावातलं त्यांना जितकं कळतं तितकं मला खताच्या भावातलंही कळत नाही. त्यांनी गाडीला फेरा घातला, चाकं पाहिली, खाली बसून पोट पाहिलं.

‘‘पट मारला का हिनं कधी?’’

म्हटलं, नाही.

‘‘मंग नाव कशाचं सांगतं?’’ काकाजी ओट्यावर टेकले. ‘‘पाह्य, 2014 ले कोर्टानं पट बंद केले. माही जोडी तेव्हा लाखाची होती. दुसऱ्या दिवशी नांगराची झाली. बैल तेच, पाय तेच. मंग 2021 च्या डिसेंबरात पट सुरू झाले, 2023 ले घटनापीठानं पक्कं केलं, तं लोक रात्री-बेरात्री घरी येऊन बैल मागाले लागले. त्यात बैलाचं काय होतं?’’

मी विचारलं, मग मी काय करू?

‘‘चारा घाल,’’ काकाजी म्हणाले. ‘‘उपाशी जोडी कोनी पाहत नाही.’’

तेव्हापासून मी दर रविवारी गाडी काढतो. गावाच्या वेशीपर्यंत तीन गतिरोधक आहेत. प्रत्येकावर गाडीचं पोट टेकतं, मग पोट्टे उतरवायचे, तिरपी करून काढायची, पोट्टे पुन्हा बसवायचे. डांबरी रस्त्याला लागलं की चार किलोमीटर खरोखर मजा येते. बूड रस्त्यापासून वीतभर अंतरावर असतं, त्यामुळे साठच्या वेगालाही शंभर वाटतात. मग समोरून रोही, म्हणजे नीलगाय, आडवा जातो आणि आपण परततो.

आणि गेल्या महिन्यात पुण्याहून गिऱ्हाईक आलं.

सभ्य माणूस. खिशात छोटी बॅटरी. त्याने चेसीस नंबर वाचला, आरसी बुकाशी ताडून पाहिला, इंजिन नंबर पुसून पाहिला, जुनी बिलं मागितली, स्टिअरिंग मूळचंच आहे का विचारलं. मडगार्डवर त्याला काही सापडलं नाही. पण आतून बोट घातलं आणि रेझिनमध्ये रुतून बसलेली कुलरच्या गवताची एक काडी अलगद ओढून काढली. ती उजेडात धरून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, स्थानिक तंत्रज्ञान. तो हसला आणि त्यानं आकडा सांगितला. मित्राकडे माझी जी बाकी होती, त्यापेक्षा आकडा चांगला होता. बायकोनं आतून दोनदा खाकरून संमती कळवली.

मी तोंड उघडणार एवढ्यात बाबा ओट्यावरून म्हणाले, ‘‘कुठून आले म्हनता?’’

‘‘पुण्याहून, काका.’’

‘‘कितीक दूर पडते?’’

‘‘साडेसहाशे-सातशे किलोमीटर.’’

बाबांनी पानाची पिंक टाकली. ‘‘नाही इकायची.’’

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, बाबा, तुम्हीच तर म्हणत होता. ते कुजबुजले, ‘‘अबे, खेडा खरेदीवाला आपल्या दारात कवा येते? बजारात भाव वाढला का येते! हा तं सातशे किलोमीटर पेट्रोल जाळून आला. याले काहीतरी मालूम हाय. थांब. भाव वाढन.’’

गिऱ्हाईकानं आकडा थोडा वर नेला. झालं, बाबांची खात्रीच पटली. पाहुण्याला वांग्याची भाजी, भाकर, ठेचा असं पोटभर जेवू घालून त्यांनी निरोप दिला आणि फोन नंबर मात्र कागदावर लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टेम्पो उभा. बाबा समोरच्या खोलीतला कापूस भरून देत होते, सगळाच्या सगळा, त्या दिवशीच्या भावात, पैशाचीही घासाघीस न करता. व्यापारीच घाबरला होता. मी विचारलं, बाबा, हे काय?

‘‘खोली मोकळी पायजे. कोठ्यात तिले ओल लागते.’’

बायकोनं पदर खोचला आणि शांतपणे विचारलं, ‘‘मामाजी, दार तीन फुटाचं हाय. गाडी आत जाईन कशी?’’

बाबांनी भिंतीकडे एकदा खालून वर पाहिलं.

‘‘पाडू,’’ ते म्हणाले.