‘अनाथ’ लिहिण्याआधी मृत्यूचे दाखले बघा

गावात बाप गेला की दुसऱ्या दिवसापासून पोराला सगळे ‘अनाथ’ म्हणायला लागतात. आई जिवंत असते, कापूस वेचायला जात असते, तरी. बोलण्यात हे खपतं, अर्जात नाही. मग आजी बिचारी एस.टी.ने जिल्ह्याला जाते आणि ‘तुमचा अर्जच चुकीचा आहे’ ऐकून परत येते.

अनाथ प्रमाणपत्राला आई आणि वडील दोघंही वारलेले लागतात, तेही मूल १८ वर्षांचं होण्याआधी. २०२३ च्या शासन निर्णयाने यात दोन गट केले: शासनमान्य संस्थेत वाढलेले ‘संस्थात्मक’ आणि मामा-आजीकडे वाढलेले ‘संस्थाबाह्य’. शिक्षण आणि सरकारी नोकरीतलं १ टक्का आरक्षण दोघांनाही आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे करायचा, तो बालकल्याण समितीपुढे जातो. आपले धुळे, नंदुरबार, जळगाव हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागात, म्हणून प्रमाणपत्र तिथल्या विभागीय उपायुक्तांचं. सरपंचाच्या पत्राने हे काम होत नाही, कितीही शिक्के मारा.

आश्रमशाळेत शिकलं म्हणजे मूल ‘संस्थात्मक’ झालं, हा गैरसमज धडगाव-अक्कलकुव्याकडे फार. आश्रमशाळा ही निवासी शाळा. इथे संस्था म्हणजे शासनमान्य बालगृह किंवा अनाथालय. बालगृहात मूल बालकल्याण समितीच्या आदेशाने गेलेलं असावं लागतं. ओळखीच्या कुणी परस्पर नेऊन ठेवलं तर पुढे कागदच सापडत नाही.

दोघांपैकी एक पालक असेल तर बालसंगोपन योजना मागा. महिन्याला २२५० रुपये मिळतात आणि मूल घरीच राहतं. मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला आणि बहुतेक ठिकाणी घरासमोर पालकासोबत काढलेला फोटो लागतो. घरी येऊन चौकशी होते, त्यानंतर समितीचा आदेश. इथे ‘अनाथ’ लिहून आईचं नाव गाळू नका. चौकशीत ती दिसतेच, आणि अर्ज अडकतो.

खरा घोळ मृत्यूच्या दाखल्यात. आपल्याकडची कितीतरी माणसं सुरतला कामाला. माणूस तिथे वारला तर नोंदही तिथलीच, अंत्यसंस्कार शिरपुरात झाले तरी. गावची ग्रामपंचायत तो दाखला देऊ शकत नाही. शिवाय तिकडे नावाला ‘भाई’ जोडलेलं असतं: आधारवर रमेश, दाखल्यावर रमेशभाई. तिथेच दुरुस्ती करून घ्या, नंतर फार जड जातं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत सांगायची असते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

आईने दुसरं घर केलं आणि पोर आजीकडे राहिलं, तर प्रमाणपत्र नाही. बाप बेपत्ता असेल तरी नाही. त्याला सात वर्षं थांबून कोर्टातून मृत घोषित करून घ्यावं लागतं. केंद्राच्या बाल न्याय कायद्यात मात्र सांभाळायला तयार नसलेल्या किंवा असमर्थ कायदेशीर पालकाचं मूलही अनाथच धरलंय. राज्याने आरक्षणासाठी व्याख्या आवळली. खोटे अर्ज रोखायचे असतील हे समजतं, पण आई परत फिरकलीच नाही अशा पोराने करायचं काय? त्याच्यासाठी समितीच्या चौकशीवर भरवसा ठेवायला हरकत नव्हती, असं मला वाटतं.

आणि जमीन. आईबाप गेले की पैसे-योजनांचं सगळे विचारतात, सातबारा कुणी बघत नाही. वारस नोंद लगेच करा. मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान (१८ खालच्या) मुलाचा पालनकर्ता असं लागून काकाचं नाव येतं. त्याने काका मालक होत नाही. हिंदू कायद्याने नैसर्गिक पालक आई-बापच. काकाला मुलाची जमीन विकायची तर आधी कोर्टाने त्याला पालक नेमायला हवं आणि विक्रीची वेगळी परवानगी द्यायला हवी. ‘पोराच्या शिक्षणासाठीच विकतोय’ हे तोंडी सांगून भागत नाही. तरी रावेर-यावलकडे केळीची जमीन साध्या नोटरीवर फिरते, आणि घेणाराही फसतो. अशी विक्री झाली असेल तर १८ पूर्ण होताच वकील गाठा, मुदत वेगाने सरते. त्याच वेळी शाळा सोडल्याचा दाखला जोडून तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या ऑनलाइन पोर्टलवर अ.पा.क. शेरा कमी करण्याचा अर्ज टाका. तो आपोआप निघत नाही.