लेझर उन्हात वाकतो, पण दोन गुंठे खात नाही

मंगळवारी रात्री काकांचा फोन आला. गुरुवारी त्यांच्या गटाची हद्द कायम मोजणी आहे. "अरे, तुझं ते मशीन दुपारी खोटं बोलतं म्हणे. मोजणीवाल्यांना सकाळी नऊच्या आत या म्हणून सांगू का?" मी अठरा वर्षं टोटल स्टेशन (लेझर सोडून, परत आलेल्या प्रकाशावरून अंतर मोजणारं मशीन) खांद्यावर वाहतोय, धरणापासून रस्त्यापर्यंत. पण काकांचा विश्वास कुणावर, तर ‘शेतकरी बांधवांनो सावधान!!’ या मेसेजवर. महिनाभरात तो मला तीन ग्रुपवर दिसला होता आणि तिन्ही वेळा मी अंगठ्याने वर सरकवला होता. काकांनी विचारल्यावर मात्र डोकं फिरलं.

मेसेजचा सारांश असा: दुपारच्या उन्हात लेझर किरण वाकतो, त्यामुळे एकरामागे दोन गुंठे जमीन कमी भरते. आरसा धरणारा माणूस काठी कलती धरून आणखी खातो. मशीनमध्ये आधीच ‘कमी’चं सेटिंग असतं. म्हणून साखळीनेच मोजून घ्या, नाहीतर मोबाईलच्या ॲपने. आणि कमी भरली तर खुणेचे दगड उपटून टाका.

किरण वाकतो, हे खरं आहे. तापलेल्या कातळावर मृगजळ दिसतं ते त्यामुळेच. पण लिहिणाऱ्याने एवढा तरी विचार करायचा होता की वाकड्या वाटेने गेलं तर चाल जास्त पडते, कमी नाही. किरण वाकून अंतर चुकलंच तर ते वाढेल. आणि साठ-सत्तर मीटरांत ही वाढ एवढी नगण्य असते की कुठल्याच मशीनला ती दिसत नाही.

उन्हाचा खरा परिणाम दुसराच आहे. गरम हवा विरळ, विरळ हवेत प्रकाश किंचित वेगाने जातो, त्यामुळे तो लवकर परततो आणि मशीनला अंतर कमी वाटतं. म्हणजे ‘कमी भरते’ या शब्दांत अर्धा आणा सत्य आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. पण किती कमी? तापमानाच्या एका अंशाला दहा लाखांत एक भाग. एक किलोमीटरला एक मिलिमीटर. म्हणून तर मशीनमध्ये तापमान आणि हवेचा दाब भरायची सोय असते. दाबाचा परिणाम खरं तर जास्त. किनाऱ्यावरचं सेटिंग न बदलता महाबळेश्वरला मोजलं, तर किलोमीटरमागे चार सेंटिमीटर जातात. तरी त्यावर एकही मेसेज फिरत नाही.

आता काकांचा एक एकर चौरस धरू. बाजू साधारण ६३.६ मीटर. चाळीसातले दोन गुंठे जायचे तर प्रत्येक बाजू एक मीटर साठ सेंटिमीटरने कमी मोजली गेली पाहिजे. उन्हाने एवढी चूक करायची, तर वरच्या हिशेबाने तापमान पंचवीस हजार अंशांनी चुकायला हवं. सूर्याच्या पृष्ठभागावर ते साडेपाच हजारांच्या आसपास असतं. काकांच्या कातळावर मे महिन्यात चप्पल चिकटते, कबूल. पण इतकं नाही. मोजणीवाल्याने तापमान वीस अंशांनी चुकीचं भरलं, तरी त्या बाजूत फरक पडतो सव्वा मिलिमीटर. बांधावरची मुंगी त्याहून मोठी.

आणि ज्या साखळीची आठवण काढून गळे काढले जातात, ती कशाची असते? लोखंडाची. पोलाद एका अंशाला दहा लाखांत साडेअकरा भाग वाढतं. उन्हात पसरलेली पोलादी टेप प्रकाशाच्या दसपटीहून जास्त चुकते, आणि तीही कमीच दाखवते. तीस मीटरची टेप पंचवीस अंशांनी तापली की साडेआठ मिलिमीटर लांबते. शंकू साखळी तर ३३ फुटांची, तिचे भाग सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून मोठा. तिने पिढ्यान्‌पिढ्या मोजलं, गुंठाही तिच्यावरूनच आला (३३ गुणिले ३३ फूट), म्हणून तिच्याबद्दल आदर आहे. पण अचूकतेसाठी तिचं नाव घेऊ नका.

काठी कलती धरण्याची भानगड खरी आहे. दोन मीटरच्या काठीला एक अंश कल असला की वरचा प्रिझम, म्हणजे लेझर परत पाठवणारा तो ‘आरसा’, साडेतीन सेंटिमीटर सरकतो. काठीवर गोल बुडबुडा असतो, तो मध्यावर आहे का ते शेजारी उभं राहून बघा. साडेतीन सेंटिमीटरला दोन गुंठे म्हणत नाहीत.

सेटिंगचं म्हणाल तर मी स्वतः पोळलोय. प्रिझममध्ये प्रकाश काचेतून वळून येतो, त्याची वजावट मशीनला सांगावी लागते. अनेक प्रिझमना ती उणे ३० मिलिमीटर असते, काहींना शून्य. एका रस्त्याच्या कामावर आमच्याकडे प्रिझम बदलला, आकडा बदलायचं राहिलं आणि दोन दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं. दर मापात तेच तीन सेंटिमीटर, जवळ असो की लांब. पण हीच चूक काकांच्या एकरात घडली, मशीन अगदी मधोमध लावलेलं असलं, तर क्षेत्र चुकतं सुमारे साडेपाच चौरस मीटर. गुंठ्याच्या विसाव्या भागाच्या आसपास.

ही चूक पकडायला खरं अंतर माहीत असावंच लागत नाही. आयएसओ १७१२३ या मानकाचा चौथा भाग याच यंत्रांच्या तपासणीचा आहे. त्यात सुमारे ६०० मीटरच्या एका सरळ रेषेत सात बिंदू घेऊन आपापसातली एकवीसच्या एकवीस अंतरं मोजायला सांगितलंय. तुकड्यांची बेरीज आणि सलग माप जुळलं नाही, की मशीनची पक्की चूक बाहेर येते. शेतावर त्याची धाकटी आवृत्ती तीन खुंटांत होते. सपाटीवर एका रेषेत अ, ब, क ठोका. अ वरून ब आणि क मोजा, मशीन ब वर नेऊन क मोजा. अ-ब आलं ४०.०३०, ब-क ६०.०३०, आणि अ-क १००.०३०. दोन तुकड्यांची बेरीज १००.०६०. फरक तीन सेंटिमीटर, हीच चूक. तुकड्यांत ती दोनदा शिरली, सलग मापात एकदाच. आता प्रिझमचा आकडा बघा.

मोबाईल ॲपबद्दल काय बोलायचं? फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर इकडेतिकडे असतं. आणि हल्ली बऱ्याच मोजण्या रोव्हरने, म्हणजे काठीवरच्या अचूक जीपीएस रिसीव्हरने होतात, त्यात उपग्रहाचे सिग्नल असतात, वाकायला लेझर नसतोच. दाट झाडांखाली रोव्हर अडतो, तिथे टोटल स्टेशन लागतं. दगड उपटायचा सल्ला देणारा मात्र खरा गुन्हेगार. हद्दीच्या खुणांना धक्का लावणाऱ्यावर जमीन महसूल अधिनियमात दंड आहे, आणि तो भरायला मेसेज लिहिणारा येणार नाही. माप पटलं नाही तर हरकत लिहून द्या.

"ते सगळं ठीक," काका म्हणाले, "पण शेजारच्या आबांचे दोन गुंठे खरंच कमी भरले. टेपने मी स्वतः धरलं होतं, पुरेपूर होते."

आबांचं कलमांचं रान डोंगरउतारावर आहे. मी विचारलं, टेप कशी धरली? जमिनीलगत, उतारावर टाकून. तिथेच उत्तर आहे. नकाशातलं क्षेत्र सपाटीचं असतं, उताराचं नाही. साखळीच्या काळातही नियम हाच, साखळी आडवी पातळीत धरून पायरी-पायरीने उतरायचं. अठरा अंशांच्या उतारावर टेप टाकून मोजलेले चाळीस गुंठे सपाटीत अडतीस भरतात. बरोब्बर दोन कमी. मेसेजमधला आकडा कुठून आला असेल, ते मला तेव्हा कळलं.

"काका, गेल्या वर्षी छप्पर केलंत. पत्रे किती लागले?"

"अकराशे चौरस फूट."

"आणि घर केवढं?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे दुपारी आले तरी चालेल?"

"चालेल. तीन खुंट तेवढे ठोकून ठेवा."