‘एकदाच महागडा घ्या, दहा वर्षं बघायला नको’: या पोस्टला उत्तर

बारावीचा निकाल लागून इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की आमच्याकडे परभणी-नांदेडच्या पालकांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरायला लागते. तिचं म्हणणं थोडक्यात असं: पैसे घालायचेच तर एकदाच लाख-सव्वा लाखाचा पातळ, बिनफॅनचा लॅपटॉप घ्या. फॅन हे जुनं तंत्र झालं. आठ जीबी रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) तिथे सोळाचं काम करते. बॅटरीकडे बघावं लागत नाही. पोर्ट कशाला, सगळं क्लाउडवर असतं. दहा वर्षं चिंता मिटली.

मी परभणीत लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. ही पोस्ट मोबाइलवर उघडून आई-वडील दुकानात येतात आणि ‘हाच घेऊ ना?’ विचारतात. कापूस-सोयाबीन विकून बाजूला ठेवलेले पैसे असतात, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो. ही यंत्रं वाईट नाहीत. माझ्या टेबलावर येणाऱ्यांत त्यांची बांधणी सगळ्यात नेटकी असते. पण पोस्ट जे मिळतं तेवढंच सांगते, त्यासाठी काय सोडावं लागतं ते सांगत नाही.

आधी फॅन. अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एकच एम१ चिप दोन लॅपटॉपमध्ये दिली, मॅकबुक एअरमध्ये फॅनशिवाय आणि १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये फॅनसकट. टायपिंग, इंटरनेट, व्हिडिओ पाहणं यांत दोघांतला फरक कळायचा नाही. मोठा व्हिडिओ एक्स्पोर्ट करण्यासारखं काम लांबलं की मात्र एअर तापून आपला वेग उतरवायचा आणि प्रो टिकून राहायचा. फॅन खरंच कालबाह्य झाला असता तर तीच कंपनी आपल्या महागड्या प्रोमध्ये आजही तो बसवत राहिली नसती.

त्यात आपला मे महिना धरा. बिनफॅनच्या लॅपटॉपची उष्णता बॉडीतून हवेत जाते. किती जाते, ते बॉडी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बॉडी ४५ अंशांवर आणि एसीची खोली २५ वर असेल तर फरक २० चा. परभणीत बाहेर पारा ४२-४३ ला टेकलेला असतो, लाइट गेल्यामुळे कूलर बंद असतो आणि पत्र्याखालची खोली ४० वर जाते, तेव्हा फरक उरतो ५ चा. ढोबळ हिशेबाने उष्णता बाहेर टाकण्याची ताकद पावपट झाली. अ‍ॅपल स्वतःच मॅकबुक १० ते ३५ अंशांत वापरायला सांगते, आणि इतर बऱ्याच कंपन्यांची वरची मर्यादाही ३५ च असते. चाळीस अंशांत फॅनवाल्याचेही हालच होतात, पण हवा ढकलून तो तग तरी धरतो.

बिनफॅनच्या यंत्राचा आपल्या भागातला सगळ्यात मोठा फायदा मात्र पोस्ट लिहिणाऱ्याला सुचलेलाच नाही. तो म्हणजे धूळ. जिनिंगच्या ऑफिसातला लॅपटॉप खोलून बघा. खालचं झाकण काढलं की फॅन आणि तांब्याच्या पट्ट्या दिसतात. त्या पट्ट्यांच्या तोंडाशी रुईचे तंतू आणि धूळ मिळून घोंगडीसारखा जाड थर बसलेला असतो. चिमट्याने ओढला तर अख्खा निघून येतो. मागे फॅन नुसता ओरडत असतो, हवा कुठूनच जात नाही. बिनफॅनच्या लॅपटॉपमध्ये हा प्रकारच नाही. जिनिंगच्या मुनीमजींना, मोंढ्यातल्या आडत्याला मी तोच सुचवतो. त्यांचं काम हलकं आहे, धूळ भरपूर आहे.

मेकॅनिकलला जाणाऱ्या मुलीला तो सुचवत नाही. तिला सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर लागणार, आणि ते अ‍ॅपलच्या मॅकसाठी बनतच नाही. विंडोजचे स्नॅपड्रॅगन चिपवाले नवे पातळ लॅपटॉप २०२४ पासून आले आहेत. त्यांची बॅटरी खरोखर लांब चालते. पण त्यांच्यावर जुनी सॉफ्टवेअरं चालली तरी जुने ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्राम, चालत नाहीत, ते त्या चिपसाठी वेगळे बनवलेले असावे लागतात. सेवा केंद्र चालवणाऱ्याने आपला फिंगरप्रिंट स्कॅनर आणि डिजिटल सहीचं टोकन त्यावर चालतं का, हे आधी बघावं.

आता आठ जीबीचं सोळा. हा दावा मुळात पोस्टवाल्याचा नाही, अ‍ॅपलचे अधिकारी बॉब बोर्चर्स नोव्हेंबर २०२३ मध्ये एका मुलाखतीत असं बोलले होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्याच कंपनीने नव्या एम४ मॅकना आणि जुन्या किमतीतच विकल्या जाणाऱ्या एअरलाही कमीत कमी १६ जीबी दिली. आठ पुरत असते तर ही वेळ आली नसती. रॅम भरली की यंत्र एसएसडीची, म्हणजे फाइली साठवायच्या चिपची, जागा उसनी घेतं, म्हणून लगेच अडत नाही, एवढंच त्यात खरं. आणि त्याच रॅममधून ग्राफिक्सलाही वाटा द्यावा लागतो.

याच विषयावर उलट बाजूची ओरडही मी ऐकतो: रॅम बोर्डाला सोल्डर करणं, म्हणजे काढता येणार नाही अशी पक्की जोडणं, ही निव्वळ लूट. तेही पूर्ण खरं नाही. एलपीडीडीआर जातीची रॅम प्रोसेसरला जितकी चिकटून, तितका तिचा वेग जास्त आणि वीज कमी. दिवसभर चालणारी बॅटरी काही अंशी त्यातूनच येते. काढता येणारी तशी रॅमही निघाली आहे, तिला एलपीकॅम२ म्हणतात, लेनोव्होने २०२४ मध्ये एका थिंकपॅडमध्ये ती दिली. पण तुरळक. तोपर्यंत नियम एकच, पुढे वाढवता येणार नाही म्हणून घेतानाच १६ घ्या.

रॅम सोल्डर करण्यामागे कारण आहे. स्टोरेजच्या बाबतीत मला ते पटत नाही, आणि यावर मी भांडायला तयार आहे. बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये एम.२ एसएसडी असते: च्युइंगगमच्या पट्टीएवढी, एका स्क्रूने बसवलेली. वीज वर-खाली होऊन बोर्ड जळाला तरी ती काढायची, यूएसबी केसमध्ये घालायची, आणि सहसा सगळा डेटा समोर येतो. स्टोरेज बोर्डावरच असेल तर बोर्डासोबत डेटाही जातो. एका पीएचडीच्या विद्यार्थ्याचं प्रबंधाचं काम असं गेलेलं मी पाहिलंय, माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. असा लॅपटॉप घेतलात तर एक्स्टर्नल हार्ड डिस्क त्याच दिवशी घ्या.

बॅटरीकडे बघावं लागत नाही, हे सर्वात चुकीचं. लिथियम बॅटरीला उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेलं राहणं, दोन्ही मानवत नाही, आणि आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही म्हणून लॅपटॉप दिवसभर चार्जिंगलाच असतो. टचपॅड वर उचलला गेला, क्लिक बसेना, म्हणून लोक घेऊन येतात. झाकण काढलं की खालची बॅटरी फुगलेली निघते. पातळ यंत्रात ती बऱ्याचदा गोंदाने चिकटवलेली असते, सोडवताना भोक पडलं तर पेटू शकते. युरोपने फेब्रुवारी २०२७ पासून अशा बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः बदलता याव्यात असा नियम केला आहे. आपण आज एवढं करू शकतो: ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती चालू ठेवायची.

पोर्टबद्दल फार लिहीत नाही. अ‍ॅपलने २०१६ मध्ये प्रोमधून एचडीएमआय (टीव्ही-प्रोजेक्टर जोडायचं पोर्ट) आणि मेमरी कार्डचा खाचा काढला आणि २०२१ मध्ये दोन्ही परत आणले. यूएसबी-सीचं कौतुक मात्र मोकळेपणाने करतो. चांगल्या वॅटेजची पॉवर बँक असेल तर लोडशेडिंगमध्येही लॅपटॉप चार्ज होतो.

राहिली दहा वर्षं. मार्च २०२० मध्ये आलेल्या इंटेल चिपच्या मॅकबुक एअरला २०२५ चं नवं मॅकओएस मिळालंच नाही. विंडोजकडेही तेच. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ च्या यादीत नाहीत, मग ते २०१७ मध्ये कितीही महाग घेतलेले असोत. धातूची बॉडी दहा वर्षं राहील. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची पहिली दोन एवढा हिशेब धरा, मधे एका बॅटरीचा खर्च धरा, आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर परभणीत आहे, नांदेडला आहे की थेट संभाजीनगरला, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.